कळवळा आणि अधिकार : गाणे आपल्याला पटते तेव्हा नेमके काय घडते? (दीर्घ धागा)

१/
हिवाळ्यात नंदुरबारच्या वेशीबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका पथारीवर मामांनी मला मोबाइलवर एक गाणे दाखवले. चार मिनिटांची चित्रफीत होती. कर्जाने वाकलेला शेतकरी, अहिराणी बोल, मागे ढोल, आणि शेवटी लेकीच्या लग्नाचा मांडव. बाप हसतो आणि पडद्यावर एका गुंतवणूक योजनेचे नाव उमटते. मामा म्हणाले, "भाचा, तो आपला माणूस शे."

२/
मामांनी त्या योजनेत एका मोसमाची कमाई ठेवली. पुढच्या पावसाळ्यापर्यंत कार्यालयाला कुलूप लागले. मी इतिहासाचा पदव्युत्तर विद्यार्थी. कागद खरा की खोटा, लिहिणारा कोण, कोणासाठी लिहितो, हे तपासण्याचे शिक्षण घेत होतो. तरी पथारीवर मी एक शब्दही बोललो नाही, कारण तो मांडव पाहून माझेही डोळे भरून आले होते. तेव्हा जे बोलायला हवे होते, ते आज या धाग्यात मांडतो आहे.

३/
प्रथम दोन शब्द पक्के करू. गाणे आपल्याला दोन मार्गांनी पटते. पहिला मार्ग भावनेचा : गाणे आपल्यात दया, राग, अभिमान, विरह जागवते. दुसरा विश्वासाचा : गाणारा खरे बोलत असावा असे वाटते. मराठीत यासाठी सुंदर शब्द आहेत, कळवळा आणि अधिकार. इथे 'अधिकार' म्हणजे सत्ता नव्हे. 'अधिकारी पुरुष' किंवा 'अधिकारवाणी' म्हणताना जो अर्थ मनात असतो, तो.

४/
इ.स. पूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात यांनाच पॅथॉस आणि एथॉस म्हटले. विश्वासाचे त्याने तीन आधार सांगितले : शहाणपण, सचोटी आणि श्रोत्याविषयीची हितबुद्धी. त्याचे आणखी एक म्हणणे आजच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. वक्त्याविषयी आधीपासून असलेल्या मतातून नव्हे, तर प्रत्यक्ष भाषणातूनच हा विश्वास निर्माण व्हायला हवा, असे तो सांगतो. म्हणजे विश्वास रचता येतो. हे वाक्य लक्षात ठेवा, धाग्याच्या शेवटी त्याची गरज पडेल.

५/
आपल्याकडील संतपरंपरेचा कल नेमका उलट आहे. तिथे बोलणे पुरत नाही. बोलल्याप्रमाणे वागणाऱ्यालाच मान. अधिकार शब्दांतून येत नाही, आचरणातून येतो, आणि आचरण गावाला दिसत असते. एका बाजूला रचलेला विश्वास, दुसऱ्या बाजूला कमावलेला विश्वास. आमच्या जिल्ह्यातील गाण्यांचा गेल्या शतकभराचा इतिहास या दोहोंमधील अंतराचा इतिहास आहे.

६/
जिल्ह्याची तोंडओळख. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला. उत्तरेला सातपुडा आणि नर्मदा, मधून तापी, पश्चिमेला गुजरात. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येत अनुसूचित जमातींचा वाटा सुमारे ६९ टक्के. भिली, पावरी, मावची, अहिराणी, गुजरी, गुजराती, मराठी या साऱ्या बोली-भाषा एका आठवडी बाजारात ऐकू येतात. इथे भाषा बदलली की ऐकणाऱ्याचा चेहरा बदलतो. गाण्याला हे फार लवकर कळते.

७/
अक्कलकुवा तालुक्यातील काठीची राजवाडी होळी पाहा. रात्रभर ढोल, पावरी, घुंगरांचा नाच, आणि होळी पेटते ती पहाटे. इथे गाणारा आणि ऐकणारा असे दोन गट नसतात. जो नाचतो त्याने आधी पाळणूक केलेली असते, व्रताचे नियम सांभाळलेले असतात. तो कोणाचा कोण, कोणत्या पाड्याचा, हे सर्वांना ठाऊक असते. त्याचा अधिकार तपासण्याची गरज नाही, कारण तो रोजच तपासला जात असतो. ही आपली सुरुवातीची स्थिती.

८/
आता १९३० च्या दशकाच्या अखेरीस या. तळोदा तालुक्यातील मोरवड परिसरात संत गुलाम महाराज, म्हणजेच गुला महाराज, यांच्याभोवती आदिवासी समाज मोठ्या संख्येने गोळा होऊ लागला. दारू सोडा, स्वच्छ राहा, एकत्र येऊन आरती करा, असा त्यांचा साधा उपदेश. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाले आणि बंधू रामदास महाराजांनी कार्य पुढे नेले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबून विचारावे : व्याख्यान नाही, पत्रक नाही, मग आरतीच का?

९/
कारण आरती ऐकायची नसते, म्हणायची असते. जो ती म्हणतो त्याच्या तोंडून प्रतिज्ञा आपोआप बाहेर पडते, शेजारीही ती ऐकतो. दारूबंदीचे भाषण ऐकून माणूस घरी जाऊन प्याला तर कोणाला कळत नाही. आरतीत उभा राहून गेलेला प्याला तर पाड्याला कळते. कळवळा सामूहिक स्वरातून आला आणि अधिकार सांगणाऱ्याच्या आचरणातून. महाराज त्याच समाजातील होते. त्यांनी इतरांना जे सोडायला सांगितले, त्याची किंमत त्यांना परकी नव्हती.

१०/
चारच वर्षांनी, ९ सप्टेंबर १९४२. 'चले जाव'चा ठराव होऊन महिना झालेला. नंदुरबार शहरात विद्यार्थ्यांची मिरवणूक निघाली, हाती तिरंगा आणि मुखी गुजराती घोषगीत : देशाचे निशाण झुकणार नाही. पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे पाच जण हुतात्मा झाले. शिरीषकुमारचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा. वयाची सोळा वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

११/
त्या गीतात नवे असे काही नव्हते. झेंडा, देश, न झुकणे हे शब्द त्या काळी सर्वत्र होते. तरीही आमच्या शहरात ते शब्द आजही वेगळे ऐकू येतात, कारण ते म्हणणाऱ्याने हातातील झेंडा सोडला नाही. गीताने दिलेला शब्द आणि गाणाऱ्याचे कृत्य यांच्यात तसूभरही अंतर उरले नाही. कमावलेल्या अधिकाराची ही परिसीमा. भाषेचाही विचार करा : आज महाराष्ट्रात असलेल्या गावातले हे स्वातंत्र्यगीत गुजराती होते, कारण शिरीषकुमारच्या घरची भाषा ती होती. माणूस घरच्या भाषेत खोटे बोलत नाही, असा आपला समज असतो. हा समजही लक्षात ठेवा.

१२/
जिल्ह्याबाहेर थोडे डोकावू. महाराष्ट्राने गाण्यातून मन वळवण्याची कला तमाशाच्या फडातून उचलली. सत्यशोधकांच्या आणि पुढे आंबेडकरी चळवळीच्या जलशांनी लोकांना ओळखीचा असलेला तमाशाचा साचा घेतला आणि त्यात विचार नवा भरला. चाल ओळखीची असली की मन दार उघडते. मग शब्द आत शिरतात. आजची निवडणूक-गीते लोकप्रिय चालींवर का बेततात, याचे उत्तर या जलशांत सापडेल.

१३/
या परंपरेतील सर्वांत ठळक उदाहरण अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना' ही छक्कड. पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावी राहिलेल्या पत्नीच्या आठवणीने व्याकूळ होतो, आणि हाच विरह पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या अपुरेपणाचा होतो. बेळगाव, कारवार, आमच्या शेजारचा डांग, सारे दुरावलेले. राजकीय मागणीला घरच्या विरहाचा कळवळा मिळाला. आणि अधिकार? अण्णा भाऊ स्वतः वाटेगावहून मुंबईला आलेले, गिरणीत राबलेले. गाणे ऐकणाऱ्या कामगाराला शाहिराकडे ओळखपत्र मागावे लागले नाही.

१४/
पुन्हा आमच्याकडे, शहादा तालुक्यात, १९७० च्या सुमारास. आदिवासींच्या जमिनी इतरांच्या हाती गेलेल्या, मूळ मालक त्याच शेतावर सालदार म्हणून राबणारा. २ मे १९७१ रोजी पाटीलवाडीला गोळीबार झाला आणि साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष शहाद्याकडे वळले. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला. त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. या साऱ्याच्या केंद्रस्थानी होते पाडळद्याचे अंबरसिंग सुरतवंती, लोकांचे अंबरसिंग महाराज.

१५/
अंबरसिंग हे भजनातून पुढे आलेले नेतृत्व. भजनी मंडळाच्या बैठकीला बंदी घालणे अवघड, आणि तिथे आलेल्या माणसाला 'मी सभेला आलो' असेही वाटत नाही. तो देवाचे नाव घ्यायला येतो आणि जमिनीची गोष्ट ऐकून जातो. टाळ-मृदंग थांबल्यावर बोलणारा माणूस आपल्याच बोलीत, आपल्याच शेतावरचे बोलतो. १९७४ मध्ये अंबरसिंगांचे अकाली निधन झाले. त्यांची स्मृती भाषणांपेक्षा अशा बैठकांतून अधिक टिकली, याचे मला आश्चर्य वाटत नाही.

१६/
१९७३ च्या सुमारास याच भागातील आदिवासी स्त्रिया गावोगाव जाऊन दारूचे माठ फोडू लागल्या. या स्त्रियांचा अधिकार कोणत्याही प्रचारकापेक्षा मोठा होता, कारण दारूचा मार त्यांच्या पाठीवर होता. चळवळीचा अभ्यास करणाऱ्या जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९७६ मध्ये शहाद्यावर दीर्घ निबंध लिहिला. आठ कोसांवरचे नंदुरबारकर ज्या बायकांना ओळखत नव्हते, त्यांची कृती अशा रीतीने जगाच्या वाचनात आली.

१७/
श्रमिक संघटनेत मुंबई-पुण्याकडचे सुशिक्षित तरुणही आले. त्यांच्याकडे कळवळा होता. अधिकार मात्र त्यांना इथे राहून, बोली शिकून, तुरुंगात जाऊन कमवावा लागला. तो पूर्ण कमावता येतो का, हा प्रश्न याच संघटनेतून घडलेले कवी वाहरू सोनवणे यांनी 'स्टेज' या कवितेत विचारला. आशय असा : स्टेजवर आम्हाला कोणी बोलावले नाही. आमचे दुःख आम्हालाच समजावून सांगितले गेले, आणि ते दुःख आमचेच राहिले. 'गोधड' या त्यांच्या संग्रहामुळे मराठी कवितेत भिली बोलीचा श्वास आला.

१८/
ती कविता या धाग्याचा कणा आहे. दुसऱ्याच्या दुःखाचे गाणे गाता येते, त्यावर टाळ्याही मिळतात. पण गाणारा दुःखाचा धनी आहे की वाटेकरी, की केवळ वाहक, हे विचारण्याचा हक्क श्रोत्याचा आहे. आतापर्यंतच्या सर्व प्रसंगांत, म्हणजे मोरवड, नंदुरबार, शहादा येथे, श्रोता हे विचारू शकत होता. गाणारा समोर होता. उद्याही तो तिथेच भेटणार होता. यापुढे हे बदलते.

१९/
बदल नर्मदेकाठी दिसू लागला. सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित. पाण्याचा पहिला फटका मणिबेलीला. १९९० च्या दशकात इथे आंदोलन होते, गाणी होती, जीवनशाळांतील मुलांचे समूहस्वर होते, आणि आता कॅमेराही होता. अली काझिमी यांचा 'नर्मदा : अ व्हॅली राइजेस' (१९९४), आनंद पटवर्धन व सिमंतिनी धुरू यांचा 'अ नर्मदा डायरी' (१९९५). दुसऱ्या चित्रपटात अक्राणीतील डोमखेडीची होळी दिसते. डोमखेडी पाहिली नाही अशा हजारो लोकांनी तिचे ढोल ऐकले.

२०/
कॅमेऱ्याने मोठे काम केले, हे निर्विवाद. पण त्याच क्षणी एक अंतर निर्माण झाले. दूरच्या शहरातील प्रेक्षक डोमखेडीच्या नर्तकाला ओळखत नाही. तो दिग्दर्शकावर विश्वास ठेवतो, संकलनावर ठेवतो, चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांवर ठेवतो. अधिकार आता ओळखीतून येत नाही, तो खुणांतून येतो : पोशाख, बोली, डोंगर, वाद्य. इथे त्या खुणा खऱ्या माणसांच्या होत्या. पण खूण आणि माणूस यांना वेगळे करता येते, हे एव्हाना जगाला कळू लागले होते.

२१/
त्या 'जगाचा' थोडा इतिहास. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाले आणि गाणे ऐकण्याइतकेच पाहण्याची वस्तू झाले. आपल्याकडे १९८८ मध्ये दूरदर्शनवर 'मिले सुर मेरा तुम्हारा' झळकले. पीयूष पांडे यांचे शब्द, अशोक पत्की आणि लुई बँक्स यांचा संगीतसहभाग, भैरवीचा आधार. पटवायचे काय होते? की आपण सारे एक आहोत. पुरावा कोणता दिला? एकही नाही. त्याऐवजी चेहरे दिले : भीमसेन जोशी, लता मंगेशकर, खेळाडू, नट.

२२/
रचना किती काटेकोर होती पाहा. भैरवी मन हळवे करते, हा कळवळा. आणि ज्यांनी आयुष्यभर आपले काम निष्ठेने केले, ते एकतेविषयी गातात, म्हणून एकता खरी वाटते, हा अधिकार. गाण्यात चौदा भाषा गुंफल्या होत्या. भिली नव्हती. २०११ च्या जनगणनेत भिली-भिलोडी बोलणारे १ कोटीहून अधिक आहेत, तरी ती आठव्या अनुसूचीत नाही आणि त्या सुरातही नव्हती. हे गाणे मलाही प्रिय आहे. तरी विद्यार्थी म्हणून विचारावेच लागते : 'आपण सारे' म्हणताना पडद्यावर कोण नव्हते?

२३/
पडद्यावर आणले जाणे हीदेखील साधी गोष्ट नव्हे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक शहादा तालुक्यातील टेंभली गावात दिले गेले. पंतप्रधान आले, कॅमेरे आले, आणि आमच्या एका आदिवासी भगिनीचे छायाचित्र देशभर पोहोचले. ते गाणे नव्हते, पण युक्ती तीच होती. योजना दिल्लीची, चेहरा टेंभलीचा. गरिबातल्या गरिबासाठी ही योजना आहे, हे म्हणण्याची गरजच पडली नाही. चेहऱ्याने ते सांगितले. अधिकार उसना घेता येतो, तो असा.

२४/
याच सुमारास उलट दिशेचा प्रयोगही झाला. २००९ ची 'गाँव छोड़ब नहीं' ही के. पी. शशी यांची संगीत-चित्रफीत. ओडिशातील काशीपूरच्या बॉक्साइटविरोधी लढ्यातले भगवान माझी यांच्या गीतावरून ती स्फुरली. इथे बोली आदिवासींची, प्रश्नही आदिवासींचा, आणि मूळ गीतकार स्वतः लढ्यातला. खूण आणि माणूस पुन्हा एकत्र आले. म्हणून संगीत-चित्रफीत ही मुळातच फसवी वस्तू आहे, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. साधन तेच, फरक धन्याचा.

२५/
मराठीतील सर्वांत बोलके उदाहरण २०१७ चे. 'सोनू' या गाजलेल्या गाण्याच्या ध्रुवपदातच भरवशाचा प्रश्न आहे. रेडिओ निवेदिका मलिष्का यांनी त्या चालीवर मुंबईचे खड्डे आणि महापालिका यांवर विडंबन केले. रोज सकाळी वाहतुकीत अडकलेल्या मुंबईकराला हा आवाज ओळखीचा होता, म्हणून भरवसा बसला. उत्तर काय आले? महापालिकेने त्यांच्या घराची तपासणी केली आणि डासांच्या अळ्या सापडल्याची नोटीस बजावली. सत्ताधारी बाजूने प्रतिविडंबनही आले.

२६/
हा प्रतिसाद नीट वाचा. खड्डे नाहीत, असे कोणी सिद्ध करू पाहिले नाही. 'तुमच्याच घरी अळ्या' हा घाव खड्ड्यांवर नव्हता, बोलणारीच्या अधिकारावर होता. गाण्याने लोकांना हसवले, ते हसू मागे घेता येत नव्हते, म्हणून भरवसा मागे घेण्याचा यत्न झाला. भावनेशी वाद घालता येत नाही, विश्वासार्हतेशी घालता येतो, हे सत्तेला नेहमीच अचूक कळलेले असते. आपल्याला मात्र ते उशिरा कळते.

२७/
आता आजचा नंदुरबार. खानदेशी आणि आदिवासी बोलींतील गाण्यांचा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला आहे. ज्या बोलींना आकाशवाणीवर क्वचित जागा मिळाली, त्या आज प्रत्येक खिशात वाजतात. लग्नात, टेम्पोत, ऊसतोडीला निघालेल्या टोळीच्या ट्रकमध्ये आपलीच बोली ऐकू येते, ही माझ्या पिढीची कमाई आहे. तिचा मला अभिमान आहे. पण बोलीला बाजारभाव आला की बोली भाड्यानेही मिळू लागते. उमेदवाराला, दुकानाला, योजनेला.

२८/
पुन्हा पथारीवर जाऊ. मामांना कशाने पटले? व्याजदराने नव्हे, तो तर चित्रफितीत सांगितलाच नव्हता. लेकीच्या मांडवाने कळवळा जागवला. आणि अहिराणी, टोपी, ढोल, भेगाळलेले पाय यांनी अधिकार बहाल केला. ॲरिस्टॉटलचे ते वाक्य आठवा : विश्वास भाषणातूनच निर्माण व्हावा. चार मिनिटांत तो निर्माण झाला. तो शेतकरी म्हणजे कामासाठी घेतलेला नट होता. गुला महाराज मोरवडला भेटत, अंबरसिंग पाडळद्याला भेटत. हा माणूस कुठे भेटेल, हे कोणीच विचारले नाही. मीही नाही.

२९/
म्हणून इतिहासाच्या वर्गात शिकलेली साधनचिकित्सा मी चार प्रश्नांत उतरवली आहे. कोणतेही मन हलवणारे गाणे पाहिल्यावर विचारा :
गाणारा कोण, आणि गाणे करवून घेणारा कोण? दोघे एकच का?
गाण्यातील गोष्ट खोटी निघाली तर गाणाऱ्याचे काय जाईल?
तो उद्या मला कुठे भेटेल?
मन भरून आले ते कोणत्या दृश्याला, आणि मागणी कोणत्या दृश्यानंतर आली?

३०/
चौथा प्रश्न सर्वांत कामाचा. 'माझी मैना'त विरह आणि मागणी एकाच माणसाच्या आयुष्यातून येतात, म्हणून सांधा दिसत नाही, कारण सांधा नाहीच. योजनेच्या गाण्यात मांडव एकीकडे आणि कंपनीचे नाव दुसरीकडे असते. मधली जागा आपल्या अश्रूंनी भरलेली असते, म्हणून ती दिसत नाही. डोळे पुसून पुन्हा एकदा पाहिले की दिसते.

३१/
शेवटी एक खबरदारी. हे प्रश्न हृदय कोरडे करण्यासाठी नाहीत. कळवळ्यावाचून १९४२ ची मिरवणूक निघाली नसती, दारूचे माठ फुटले नसते, डोमखेडीचा ढोल कोणी ऐकला नसता. कळवळा हा आपला कमकुवतपणा नव्हे. त्याला अधिकाराची सोबत आहे का, एवढेच पाहायचे आहे.

३२/
गेल्या हिवाळ्यात पुन्हा पथारीवर गेलो. मामांच्या मोबाइलवर नवे गाणे वाजत होते, यावेळी बियाण्यांचे. मी चार प्रश्नांपैकी तिसरा विचारला. मामांनी थोडा वेळ पडद्याकडे पाहिले, मग फोन मिरच्यांवर उपडा ठेवला. म्हणाले, "त्यावेळी का नाही इचारं भाचा?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. तुमच्या घरीही कोणी असे गाणे पाहत असेल. शेजारी बसा, आणि वेळेवर विचारा.

(धागा समाप्त. तुमच्या गावात एखाद्या गाण्याने लोकांचे मन खरोखर बदलले असेल, तर गाव, साल आणि गाणारा यांच्यासह खाली लिहा. अशा नोंदी उद्याची साधने असतात.)